मंजुषाच्या कॉम्प्युटरची घरघर

महामायाचा आवाजी मेसेज मंजुषानं पोळ्या करता करता ऐकला आणि तव्यावरची पोळी करपली.

"ताई, राग मानू नका," महामाया म्हणत होती, "पण तुमच्या घरात गिरणी चालू असते का? तिसरा धडा दुप्पट वेगानं लावला, तर तुमचं बोलणं कमी आणि गिरणीच जास्त ऐकू येऊ लागली. 'समाज' कुठं संपतो आणि 'समूह' कुठं सुरू होतो, कळंना झालंय."

मंजुषाच्या घरात गिरणी नव्हती. होता तो तिचा कॉम्प्युटर.

लातूरच्या एका क्लासच्या प्रश्नपत्रिका मंजुषा घरी बसून तयार करून द्यायची. त्यासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं हा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. सुटे भाग मागवले, तीन दिवस व्हिडिओ बघितले, चौथ्या दिवशी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली आणि संध्याकाळी बटण दाबलं तर पहिल्याच फटक्यात पडदा उजळला. तिचा नवरा महांतेश देवणीच्या शाळेत शिक्षक. त्यानं शाळेतल्या सगळ्यांना हे सांगितलं होतं. तेव्हापासून त्या डब्याला मंजुषाशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियमच झाला होता.

महामायाची ओळख झाली ती अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून देणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. ती मूळची नायगावची, आता नांदेडला मुलींच्या वसतिगृहात राहून समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तिला हवं असलेलं अकरा धड्यांचं पुस्तक कुठंच ऐकायला मिळत नव्हतं आणि परीक्षा मे महिन्यात होती. मंजुषानं लिहिलं, "मी वाचते." तोपर्यंत तिनं मोठ्यानं वाचलेलं शेवटचं पुस्तक शाळेतलं होतं.

फोनवर रेकॉर्ड करून बघितलं, पण फोनमध्ये रस्त्यावरचे सगळे ऑटो घुसत. मग तिनं कॉम्प्युटरला जोडायचा चांगला माईक घेतला. दुपारी दोन ते चार गल्ली शांत असायची. खिडक्या लावून, आवाज नको म्हणून छताचा पंखाही बंद करून ती घामाघूम होत वाचायची. मार्च निम्मा सरला होता आणि बाहेर एकेचाळीस डिग्री होतं. एवढं सगळं करून शेवटी गिरणी ऐकू येते म्हटल्यावर तिला रडूच आलं.

"तुझं हेलिकॉप्टर हाय ते," महांतेश जेवताना म्हणाला. "मला वाटलं, तुला त्याची सवय झाली."

सवय झाली होती, हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सोलापुरी चादर काढली, कॉम्प्युटरच्या डब्याभोवती दोन पदर गुंडाळली आणि तो भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात सरकवून दार ओढून घेतलं. खोली एकदम शांत झाली. मंजुषा खूश. चौथा धडा तिनं न अडखळता वाचला. चाळीस मिनिटं झाली, शेवटचं पान उरलं, आणि पडदा काळा झाला. लाइट होती. डबाच बंद पडला होता. रेकॉर्डिंग जतन करायचं राहूनच गेलं होतं.

ती कपाटाचं दार उघडून बघत होती, तेवढ्यात दारात तिचे सासरे, चन्नबसप्पा, येऊन उभे राहिले. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांनी बत्तीस वर्षं डाळमिलमध्ये फिटरचं काम केलं होतं. मिलच्या आवाजानं त्यांचे कान अधू झाले होते, हाक दोनदा मारावी लागायची. पण त्यांचा लोखंडी पलंग ह्याच भिंतीला टेकलेला होता.

"बंद पडलं का?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पलंग थरथरायचा थांबला. जाग आली." त्यांनी कपाटात डोकावलं. "चादरीत कशाला गुंडाळलंय? थंडी वाजून राहिली का त्याला?"

मंजुषाला हसू आलं नाही. चादर सोडवताना तिच्या हाताला पत्र्याचा चटका बसला.

"उघडून बघू का जरा?" अप्पा म्हणाले.

"नको अप्पा. हे मिलच्या मशीनसारखं नसतं. नाजूक असतं."

"हाव," एवढंच म्हणून अप्पा परत जाऊन आडवे झाले.

सासूबाई महिनाभरासाठी उदगीरला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्यामुळे दुपारी घरात सून आणि सासरा दोघंच. दोघांचं बोलणं म्हणजे 'चहा ठेवू का' आणि 'ठेव'. त्यात आज हे. त्या दुपारी चहा देताना मंजुषानं कपाबरोबर दोन बिस्किटं जास्त ठेवली.

मग तिनं दुसरा मार्ग धरला. घरघर पुसून टाकणारं एक सॉफ्टवेअर मिळालं, त्यातून तिसरा धडा काढला आणि नांदेडला पाठवला. महामायाचं उत्तर अर्ध्या तासात आलं.

"ताई, गिरणी गेली. पण आता तुम्ही विहिरीत पडलात."

मंजुषानं स्वतः ऐकून बघितलं. खरोखरच तिचा आवाज खोल पाण्यातून आल्यासारखा बुडबुडत होता. परीक्षेला सात आठवडे उरले होते आणि झालेले तीन धडेही पुन्हा वाचावे लागणार होते.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी अप्पांची शिवपूजा आटोपली. मंजुषा प्रश्नपत्रिका टाइप करत होती आणि डबा नेहमीसारखा घोंघावत होता. अप्पा पेटलेली उदबत्ती घेऊन तिच्या खोलीत आले. तिला वाटलं, दसऱ्याला मशीनला ओवाळतात तसं काहीतरी असेल, म्हणून ती आदरानं बाजूला सरकली. अप्पांनी ओवाळलं नाही. ते डब्याच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसले आणि मागच्या जाळीपाशी त्यांनी उदबत्ती धरली.

"मंजुषा, इकडं ये. हात लावून न्हाई राहिलो मी, नुसतं बघ."

ती वाकली.

"हा मागचा पंखा हवा बाहेर टाकायला लावलाय का आत घ्यायला?"

"बाहेर टाकायला. पुढचे दोन आत घेतात, मागचा बाहेर टाकतो. तसंच असतं ते."

"मग ह्याला सांग. हा धूर गिळून राहिला."

उदबत्तीचा धूर सरळ रेघेत जाळीतून आत ओढला जात होता. मंजुषा बघत राहिली. मग तिनं कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडून टॉर्च मारली. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. तिच्या पंख्याचा स्टिकर आतल्या बाजूला होता. पाच महिने तीन पंखे बाहेरची हवा आत कोंबत होते आणि गरम हवेला नीट वाट नव्हती. आतले भाग तापले की पंखे आणखी जोरात पळायचे. तो सगळा आवाज त्या पळापळीचा होता.

आणि हा पंखा तिनं स्वतःच्या हातानं बसवला होता.

अप्पा हसले नाहीत. उदबत्ती खिडकीच्या फटीत खोचत म्हणाले, "मी मिलमध्ये लागलो, त्या वर्षी भुसा ओढायचा ब्लोअर बसवला. पाइपाची तोंडं उलटी जोडली. बटण दाबलं तर सगळा तुरीचा भुसा मालकाच्या हापिसात. मालक गादीवर बसून चहा पिऊन राहिले होते. पिवळे झाले, मिशासकट."

"मग?"

"मग काय, धुतलं त्यांना. चार दिवस शिव्या दिल्या, पाचव्या दिवशी म्हणाले, आता उलटं बसवायचं न्हाई हे तुला जन्मभर याद राहील. तवापासून काही बी जोडलं की आधी उदबत्ती धरतो."

मंजुषा आता हसली. मग म्हणाली, "अप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला नको म्हणाले..."

"ते जाऊ दे. ब्रश हाय का एखादा, न वापरलेला?"

दोघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. डब्यात तुरीच्या टरफलाची पिवळट भुकटी बसली होती. घरापासून एमआयडीसी जवळच, आणि मिल सुरू असल्या की ही भुकटी पापडांवरसुद्धा येऊन बसायची. अप्पांनी महांतेशच्या सायकलचा पंप आणला. एका बोटानं ते पंख्याचं पातं धरून ठेवत आणि दुसऱ्या हातानं नळी रोखत. पंप मंजुषा मारायची. "नुसत्या हवेनं उलटंसुलटं फिरू द्यायचं न्हाई. बेअरिंग जातं," ते म्हणाले. हे व्हिडिओतही सांगितलं होतं, पण मंजुषानं तो भाग पुढं ढकलला होता.

पुढच्या दोन पंख्यांपैकी एक हातानं फिरवला तर कुरकुरला. अप्पांनी तो कानाला लावला नाही, नखावर टेकवून फिरवला. "हा गेलाय," म्हणाले.

प्रोसेसरवरचा पंखा काढायची वेळ आली तेव्हा मात्र अप्पा मागं सरकले. "ते तुझं काम. माझी बोटं जाड हायत." मंजुषानं खालची वाळून पापडी झालेली जुनी पेस्ट पुसून काढली. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूत पोचावी म्हणून ही पेस्ट लावतात, आणि ती वाळली की उष्णता जागच्या जागी अडकते, हे तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी मान हलवली. "शाफ्टला वंगण लागतं तसं."

"तसंच काहीतरी."

दुपारी दोघं स्कूटीवरून बाजारात गेले. दुकानदार अमरनाथनं काउंटरवर रंगीत दिव्यांचे पंखे मांडले. "वहिनी, हा घ्या. सात रंग बदलतो. लातुरात सगळे हाच नेऊन राहिलेत."

"उजेड आमच्या घरी हाय," अप्पा म्हणाले. "हवा पायजे. सगळ्यात मोठा कोणता?"

अमरनाथनं वीतभर रुंदीचा एक साधा काळा पंखा आतून शोधून आणला. अप्पांनी तो मंजुषाच्या हातात दिला. "लहान पंखा जोरात पळवला की बोंबलतो. मोठा सावकाश फिरवला की तेवढीच हवा देतो आणि बोलत न्हाई. मिलमध्ये आम्ही हेच केलं होतं." पेस्टची नळी मंजुषानं स्वतः निवडली.

घरी येऊन तिनं तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावली आणि मागचा पंखा सुलटा केला. दोन लहान पंख्यांच्या जागी मोठा एक बसला, पण डब्याच्या तोंडावरची काळी काच आडवी येत होती. दिसायला छान म्हणून तिनं तोच डबा मागवला होता. काचेच्या कडेनं बोटभर फट होती, सगळी हवा तिथूनच यायची. अप्पा काचेकडं बघत होते.

"काढू या," मंजुषाच म्हणाली.

काचेच्या जागी अप्पांनी मच्छरदाणीची जाळी मापात कापून ताणून बसवली. धूळ बाहेर, हवा आत. मग मंजुषानं कॉम्प्युटर सुरू केला, सेटिंगमध्ये शिरून पंख्यांचा वेग खाली आणला आणि अप्पांनी पुन्हा एकदा उदबत्ती पेटवली. पुढच्या जाळीत धूर शिरला. दोघांनी मागं जाऊन बघितलं. मागून तो संथपणे बाहेर येत होता.

संध्याकाळी महांतेश देवणीहून आला आणि दारातच थबकला. "लाइट गेली का?"

"न्हाई," अप्पा आणि मंजुषा एकदमच म्हणाले.

पूर्वी जिथं प्रोसेसरचं तापमान चौऱ्याण्णवपर्यंत चढायचं, तिथं आता भर दुपारी छताचा पंखा बंद ठेवूनही ते सहासष्टच्या वर जात नव्हतं. मंजुषानं चौथ्या धड्याची दोन पानं वाचून नांदेडला पाठवली आणि फोन हातात धरून बसली.

फोनच आला. "ताई, लई फरक पडला! जवळजवळ काहीच नाही आता. पण..."

"पण काय?"

"खाली एक बारीक हुंकार आहे. मेंगळट, वूं वूं असा. वाढतो, कमी होतो, परत वाढतो."

मंजुषानं कान देऊन ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. अप्पांना तर येणारच नव्हतं. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि शेजारी तिचे सासरे, अप्पा, असल्याचं सांगितलं.

"जय भीम अप्पा," महामाया म्हणाली.

"जय भीम माय. कसला आवाज हाय म्हणतीस?"

"पंख्याचा नाही. पंख्याला वारा असतो आवाजात. ह्याला पत्रा आहे. ताई, डबा लोखंडी टेबलावर ठेवलाय का?"

मंजुषा आणि अप्पांनी एकमेकांकडं बघितलं. डबा लोखंडी टेबलावरच होता.

"फोन डब्याजवळ धरा, आणि टेबलावर जोरानं हात दाबा," महामाया म्हणाली. मंजुषानं हात दाबला. "कमी झाला! सोडा. आला. टेबलच वाजतंय, पण त्याला कुणीतरी वाजवतंय."

अप्पांनी खिशातून पेचकस काढला. त्याचं टोक डब्याच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मिलमध्ये बेअरिंग तपासायची त्यांची हीच पद्धत होती. कान अधू झाले तरी हाड अजून शाबूत होतं. पत्र्यावर वर, खाली, मागं असं टोक सरकवत ते एका जागी थांबले.

"इथं काय हाय?"

"हार्ड डिस्क. सगळं त्याच्यातच साठवलेलं असतं. आत एक चकती फिरत असते."

"तिचे स्क्रू पत्र्याला आवळलेत. ती फिरती, पत्रा हलतो, पत्रा टेबलाला हलवतो. तिला लोंबकळत ठेवू."

त्या चकतीवर मंजुषाचं पाच महिन्यांचं काम होतं. तिनं आधी सगळं दुसरीकडं उतरवून घेतलं आणि मग कॉम्प्युटर बंद करून स्वतःच स्क्रू सोडवले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून अप्पांनी खणात चारपाईच्या नवारीसारख्या ताणल्या आणि मधोमध हार्ड डिस्क घट्ट बसवली. डब्याच्या चार पायांखालीही रबराचे तुकडे गेले.

हे सगळं होईपर्यंत महामाया फोनवरच होती. मधेच तिनं अप्पांना मिलमध्ये तुरीचं टरफल कसं काढतात ते विचारलं, आणि अप्पा बोलत राहिले. आधी दाण्याला ओरखडे काढायचे, मग तेलपाणी लावून वाळवायचा, मग भरडायचा. मंजुषाला ह्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. अप्पांना इतकं सलग बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"हं, लावा आता," शेवटी महामाया म्हणाली.

मंजुषानं बटण दाबलं. पलीकडं बराच वेळ काहीच आवाज नाही.

"महामाया? आहेस ना?"

"श्श. ऐकतेय." आणि मग, "ताई, आता तुमच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय."

घड्याळ खरंच टिकटिकत होतं. मंजुषानं उठून त्याचा सेल काढला.

पुढचे पाच आठवडे रोज दुपारी दोन ते चार वाचन चाललं. खोली शांत झाल्यावर महामायाला आणखी पुष्कळ काही ऐकू येऊ लागलं. तुम्ही वाक्याच्या शेवटी श्वास संपवता, शेवटचं क्रियापद गिळता, मग 'आहे' की 'नाही' तेच कळत नाही, असा पहिला मेसेज आला तेव्हा मंजुषा जरा दुखावली. दोन दिवसांनी तिनं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं आणि खरंच गिळत होती. मग ती मोठ्या वाक्यांत पेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणावून वाचू लागली. सातव्या धड्यात बाराव्या मिनिटाला कुणीतरी खोकतं, अशीही तक्रार आली. अप्पांनी दुपारी झोपायचं सोडून मारुतीच्या पारावर बसायला जायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायचे, घरात उकडतं.

अकरावा धडा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला. महामायानं मे महिन्यात लेखनिक घेऊन सगळे पेपर दिले. जुलैत निकाल लागला तेव्हा तिनं आधी अप्पांना फोन केला आणि मग मंजुषाला. मंजुषानं वाचलेल्या पुस्तकाच्या पेपरात शंभरापैकी एकाहत्तर होते.

"अप्पांना आधी?" मंजुषानं विचारलं.

"त्यांच्याकडं काम होतं, ताई. आमच्या वसतिगृहात वाचून दाखवणारे पाच कॉम्प्युटर आहेत. पाची एकदम लावले की हेडफोनमधूनसुद्धा काही ऐकू येत नाही. अप्पा म्हणाले, रविवारी येतो."

रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं नांदेडला गेले. अप्पांच्या पिशवीत ब्रश, सायकलचा पंप, मच्छरदाणीची जाळी आणि उदबत्तीचा पुडा होता. पेस्टची नळी मंजुषाच्या पर्समध्ये. वसतिगृहाच्या दारात कस्तुराबाई नावाच्या अधीक्षिका हात आडवा करून उभ्या राहिल्या.

"पुरुषांना आत येता येत नाही. कुणाचे का सासरे असंनात."

अप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. "मग त्यांना बाहेर आणा," ते म्हणाले.

महामाया पुढं, भिंतीला हात लावत, आणि तिच्यामागं चार मुली, अशी वरात एकेक डबा उचलून व्हरांड्यात आली. अप्पा उघडत, मंजुषा पेस्ट लावत होती, पंप मारायला मुलींची रांग लागली. तिसरा डबा उघडला तर आत पालीची दोन रिकामी अंडी निघाली. मुली ओरडल्या, महामाया "काय आहे, मला दाखवा" म्हणून हात पुढं करून बसली, आणि अप्पांनी एक टरफल अलगद तिच्या तळहातावर ठेवलं.

साडेतीनपर्यंत पाची डबे झाले. कस्तुराबाई स्वतः चहा घेऊन आल्या. कप देऊन झाल्यावरही त्या जागच्या हलल्या नाहीत.

"माझ्या ऑफिसातला पण जरा घुरघुर करतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे, वेळ असंल तर."

मंजुषानं घड्याळ बघितलं. लातूरची चारची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. अप्पांनी चहाचा घोट घेतला आणि पिशवीतून पुन्हा पेचकस काढला.

"आणा बाहेर," ते म्हणाले. "पाचचीनं जाऊ."